मांडी अजून दुखते

बांदियागारा
७ मार्च १९७७

चिखलातल्या बेडका ब्रेमा,

चार वर्षांत तुझं एक पत्र नाही. तुला मगरीने गिळलं असावं असं धरून चाललो होतो. मग मनात आलं, मगरीलाही काही आवडनिवड असते. गेल्या गुरुवारी मोप्तीच्या बाजारात तुमच्या कोबाकाचा एक मासेवाला भेटला. तो म्हणाला, वडील गेले आणि ब्रेमा आता गावाचा पाण्याचा प्रमुख झाला. कुठल्या पाण्यात कधी जाळं टाकायचं ते आता तू ठरवतोस! सहावीत बेरजेला तुला हाताची बोटं पुरत नव्हती, पायाची माझ्याकडून उसनी घ्यायचास. गरीब बिचारे मासे.

वडिलांचं ऐकून मात्र वाईट वाटलं. तुमच्या घरात माणसांत जमा होण्यासारखे ते एकटेच होते.

आता काम सांगतो. मोप्तीच्या शिक्षण समितीने पाचवीसाठी एक पुस्तिका काढायचं ठरवलंय. विषय आहे ‘नायजर नदी : भूगोल आणि महत्त्व’. लिहायची मी, नकाशाही मीच काढायचा. मुखपृष्ठावर छापणार आहेत : अपोमी तेंबेली, शिक्षक. आमच्या घराण्याचं नाव आजवर कांद्याच्या पोत्यावरसुद्धा कोणी लिहिलेलं नाही. आईला सांगितलं तर ती म्हणाली, “नदीवर? तू? तुला तर अंघोळीलाही ढकलावं लागायचं.”

तेव्हा तुला विचारावं लागतंय, यातच माझी काय दशा झाली ते ओळख. पाणी कुठून येतं, तुमच्याकडे कधी पोचतं, कोणाला कसं उपयोगी पडतं, एवढं लिही. तुमच्या गावाजवळ सिरी नावाचा एक फाटा आहे म्हणतात, त्याचंही लिही. सरकारी नकाशावर तो तुटक रेघेने दाखवलाय, खाली नाव नाही.

आणि मांडीचं पुराण पुन्हा काढू नकोस. आमच्या पूर्वजाचं पोर उपाशी होतं, तुमच्या पूर्वजाने स्वतःच्या मांडीचं मांस कापून, भाजून त्याला खाऊ घातलं, म्हणून तुम्ही बोझो आणि आम्ही डोगोन यांच्यात ना सोयरीक, ना मारामारी, नुसत्या शिव्या. हे शंभरदा ऐकून झालंय. आमच्याकडे त्यापुढचंही सांगतात. मांस चिवट होतं आणि त्याला मांगूर माशाचा वास येत होता.

तुझ्याहून उंचावर राहणारा,
अपोमी

*

कोबाका
२ एप्रिल १९७७

कड्यावरच्या पाली,

पत्र पोचलं. कांद्याच्या वासावरून उघडायच्या आधीच कळलं कोणाचं ते. कुंबा म्हणाली, “बाहेर नेऊन वाचा, चुलीवर भात आहे.”

डोगोन नदीवर पुस्तक लिहिणार! उद्या कोंबडी दंतमंजन विकायला बसेल. पण मोप्तीच्या समितीला दुसरा कोणी मिळाला नसेल, तर मुलांची दया येऊन लिहितो.

तू लिहिशील की नदी चार हजार एकशे ऐंशी किलोमीटर लांब आहे. मोजली कोणी? तुझ्या काकाने, कांद्याचे गोळे एकापुढे एक मांडून? आणि नायजर हे नाव कागदावरचं. आम्ही जोलिबा म्हणतो, आणि नुसतं ‘पाणी’ म्हटलं तरी ती ओ देते. ती जन्मते गिनीच्या डोंगरात. तिथून समुद्र इतका जवळ की धडधाकट गाढव दहा-बारा दिवसांत पोचेल. पण ही बाई समुद्राकडे पाठ करते आणि थेट वाळवंटाची वाट धरते. असली अक्कल जगात दोघांनाच, एक तिला आणि दुसरी डोगोनांना, जे पाणी सोडून कड्यावर राहायला गेले. तिला निदान तिंबक्तूच्या पुढे चूक कळते. ती वळते, आणि मोठा वळसा घालून समुद्र गाठते. तुम्ही अजून कड्यावरच.

डोंगरातला जुलैचा पाऊस आमच्या दारात सप्टेंबरात येतो आणि तिंबक्तूला थंडीत. मोप्तीला बानी नदी तिला मिळते, मग दोघी मिळून एवढ्या पसरतात की कुठे नदी आणि कुठे शेत ते सांगता येत नाही. निम्मं पाणी तर ऊनच पिऊन टाकतं. आभाळ कोरडं ठणठणीत आणि अंगणात पूर, हे पाचवीच्या पोरांना कळेल. मास्तरांची खात्री देत नाही.

महत्त्व म्हणे! बापाचं महत्त्व यावर कोणी धडा लिहितं का? पाणी चढलं की जागा आमची, मासा आमचा. उतरायला लागलं की भात पिकवणाऱ्यांची. आणखी उतरलं की गवत वर येतं आणि फुलानी गुराखी आपली गुरं घालतात. जागा एक आणि मालक तीन, तरी भांडण नाही, कारण तिघं एका वेळी तिथं नसतात. तुमच्याकडे एका कांद्याच्या वाफ्यावर चार भाऊ कोर्टात जातात.

सिरी बघायची तर मे महिन्यात ये. तेव्हा निदान बुडणार तरी नाहीस.

मांडी अजून दुखते.

ब्रेमा, पाण्याचा प्रमुख (उठून उभा राहा!)

*

बांदियागारा
३० मे १९७७

थापाड्यांच्या प्रमुखा,

आलो, पाहिलं, पायाला फोड घेऊन परत आलो. हीच का तुझी सिरी? तू मला जिथे नेऊन उभं केलंस तिथे दोन शेरडं होती, एक फाटकी चप्पल होती आणि भेगा पडलेली माती होती. पाण्याचा थेंब नाही. मी विचारलं, “पाणी कुठंय?” तर तू म्हणालास, “तुला बघून पळालं.” तुझ्या गावचे सगळे म्हातारे खो खो हसले. हसा. पाण्याच्या प्रमुखाकडे पाणी नसावं, यावर खरं तर मी हसायला हवं होतं.

कुंबावहिनीने दिलेला मासा मात्र चांगला होता. तिच्यासारख्या बाईने तुझ्यात काय पाहिलं ते त्या माशालाच ठाऊक.

नकाशा होत आलाय. जोलिबा निळ्या शाईने, बानी निळ्या शाईने, देबो तलाव निळा. सिरीपाशी लेखणी अडलीय. एकदा लेखी कळव, सिरीचं काय लिहू? समितीला प्रत्येक गोष्टीचा आधार लागतो. नाव, हुद्दा घालून सही कर, म्हणजे तुझं कागदावर कुठेतरी नाव येईल.

तुमच्या भाजलेल्या मांडीची अजून न पचलेली आठवण,
अपोमी

*

कोबाका
१६ जून १९७७

विद्वान कांद्या,

लिही असं :

‘सिरी मेली. तिचं दफन झालं, नमाजही पढून झाला. आता ती कोणाच्याही उपयोगाची नाही. कोबाकाच्या लोकांना तिची गरज नाही. डोगोनांनी तिच्यात खुशाल कांदे वाळत घालावेत, ज्याला घर बांधायचं त्याने घर बांधावं.’

खाली माझी सही, नाव आणि हुद्दा. वडिलांचा शिक्काही मारलाय. तो आजवर फक्त जाळ्यांच्या भांडणात वापरला होता, डोगोनाच्या मूर्खपणावर पहिल्यांदाच उठतोय. हे पत्र गावात सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. शेजारच्या म्हाताऱ्याचा हसता हसता तंबाखू सांडला.

दे तुझ्या समितीला.

मांडी अजून दुखते. जून महिन्यात जास्त.

ब्रेमा कारबेंता
पाण्याचा प्रमुख, कोबाका

*

बांदियागारा
११ जुलै १९७७

ब्रेम्या,

हे पत्र उभं राहून वाच, आणि जमलं तर टोपी काढून.

माझा नकाशा समितीच्या कचेरीत भिंतीवर लावलाय. तिथे नव्या भातशेती योजनेचे एक साहेब आले होते. सेगूकडचे, कुलिबाली नावाचे. नकाशा पाहून म्हणाले, “इतका स्वच्छ नकाशा आमच्याकडेही नाही.” त्याची एक प्रत मागून घेतली. वर टिपणांची फाईलही मागितली, आधारासकट. मी सगळी देऊन टाकली. तुझी पत्रंही त्यातच आहेत, म्हणजे आता तूही सरकारदरबारी पोचलास. तुझ्या सात पिढ्यांत हे कोणाला जमलं नव्हतं.

सिरी मी पिवळी रंगवलीय. खाली लिहिलंय, ‘कोरडा, मृत ओहोळ.’ शेरडं आणि चप्पल गाळली. तेवढी तुझी लाज राखली.

पुस्तिका ऑक्टोबरात छापून येईल. मुखपृष्ठावर माझं नाव किती मोठं असावं यावर समितीत चर्चा चालू आहे.

ज्याच्या नकाशाची साहेब स्तुती करतात तो,
अपोमी

*

कोबाका
३ ऑगस्ट १९७७

आदरणीय शिक्षक
श्री. अपोमी तेंबेली यांस,

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र मिळाले. आपल्या यशाबद्दल ऐकून आनंद झाला.

मागच्या आठवड्यात भातशेती योजनेची माणसे येथे आली होती. सिरीच्या तोंडाशी त्यांनी लाल चिंध्या बांधलेले चार खुंट ठोकले. तेथे मातीचा बांध घालायचा असून आतल्या बाजूस भाताची खाचरे पाडायची आहेत. पूर येण्याआधी बांध पुरा करणार असे ते म्हणाले.

आपणास कदाचित ठाऊक नसेल, म्हणून लिहितो. सप्टेंबरात पाणी सिरीतूनच आमच्या तीन गावांच्या तळ्यात चढते. त्याच्याबरोबर मासा अंडी घालायला आत जातो आणि पाणी उतरताना पिलांसह बाहेर येतो. सिरीचे तोंड बंद झाले तर तळे भरणार नाही, मासा नाही, गवतही नाही. मे महिन्यात ती कोरडी असते. आमच्याकडे तेव्हा ‘सिरी झोपली आहे’ असे म्हणतात.

आमच्या लोकांनी हरकत घेतली. त्यावर त्या माणसांनी झाडाखाली सर्वांसमोर माझे १६ जूनचे पत्र मोठ्याने वाचून दाखवले. सही माझी, शिक्का वडिलांचा. यावेळी कोणी हसले नाही. सुनावणी २० ऑगस्टला मोप्तीच्या कचेरीत आहे. गावाने मला तेथे जाऊ नये असे सांगितले आहे. ब्रेमाच्या जिभेने व्हायचे ते होऊन गेले, ती आता घरीच राहू दे, असे ठरले.

आपण लिहिलेत त्यात खोटे काही नाही. जे मी लिहून दिले तेच आपण लिहिलेत. चूक माझी आहे.

आपल्या मातोश्रींना माझा नमस्कार सांगावा. कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
ब्रेमा कारबेंता

*

बांदियागारा
९ ऑगस्ट १९७७

ब्रेमा,

आदरणीय? आपण? मातोश्री?

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. मी चौथीत असताना तू तिला ‘कांद्याच्या गोळ्याची आजी’ म्हणाला होतास, आणि तिने तुला हसत हसत ज्वारीची भाकरी वाढली होती. आज ‘मातोश्रींना नमस्कार’ ऐकून ती चुलीपासून उठली. म्हणाली, “कोण मेलं?” मी सांगितलं, कोणी नाही. “मग हा असा का बोलतो? तू काय केलंस रे?”

मला शिवी दे. आंधळा म्हण, मूर्ख म्हण, आमच्या कड्याला वारूळ म्हण. मांडीचं काहीतरी लिही. तुझ्या पत्रात मांडी नव्हती. मी दोनदा शोधली.

बोझो डोगोनाला जे सांगतो ते कोणी खरं धरत नाही, हे मला दुधाबरोबर पाजलंय. तरी धरलं. मेमध्ये जाऊन एक दुपार पाहिलं होतं, म्हणून धरलं. दफन झाल्याच्या थट्टेवर हसलो आणि ‘मेली’ हा शब्द तेवढा उचलून नकाशावर ठेवला.

२० तारखेला मी मोप्तीला जातोय. मला कोणी बोलावलेलं नाही.

अपोमी

(दोन ओळींची शिवी तरी धाड. मासेवाल्याबरोबर तोंडी पाठवलीस तरी चालेल.)

*

मोप्ती
२२ ऑगस्ट १९७७

ब्रेमा,

शिवी आली नाही. ठीक आहे. जे झालं ते मुकाट्याने वाच.

खोलीत कुलिबाली साहेब, त्यांचा कारकून केइता, तुमच्या तीन गावांचे सात जण आणि दाराशी मी. तुझ्या गावच्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी साहेबांच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिलो. साहेबांनी पत्र पुढे केलं. “ही सही ब्रेमा कारबेंताची?”

“त्याचीच.”

“शिक्का?”

“त्याच्या वडिलांचा.”

“नाला मेला, गावाला गरज नाही, असं स्पष्ट लिहिलंय?”

“स्पष्ट लिहिलंय. पण साहेब, तो बोझो आहे आणि मी डोगोन.”

साहेब म्हणाले, “मग?” माणूस सेगूचा, शिकलेला, कचेरीत बसला की गाव विसरलेला. कुलिबालींना चवळीखाऊ म्हणायचं आणि त्यात केइतांनी सगळ्यांच्या पुढे असायचं, तुमच्या-आमच्यासारखंच त्यांचंही नातं, हेसुद्धा विसरलेला. मी म्हटलं, “साहेब, आपलं आडनाव कुलिबाली. काल चवळी किती खाल्लीत?”

आता मला बाहेर काढणार असं वाटलं. तेवढ्यात केइता, जो सकाळपासून मान वर न करता लिहीत होता, लिहिता लिहिताच म्हणाला, “टोपलंभर. कुलिबालींचं त्याखाली भागत नाही.”

“गप रे गुलामा!” साहेब ओरडले, आणि ओरडता ओरडता हसले. “केइतांनी बोलावं? तुमचा आजा आमची भांडी घासायचा!”

मी म्हटलं, “साहेब, हे लिहून घ्या. साहेबांनी काल टोपलंभर चवळी खाल्ली, साक्षीदार केइता, खाली सही. उद्या ते फाईलला लावा, आणि परवा कोणीतरी त्यावरून तुमच्या शेतात फक्त चवळी पेरायचा हुकूम काढू द्या.”

साहेबांनी पत्र पुन्हा वाचलं. यावेळी ‘कांदे वाळत घालावेत’ इथे त्यांचा ओठ हलला. पत्र बाजूला ठेवून म्हणाले, “बरं. हे पत्र म्हणजे थट्टा. पण तुमचा नकाशा? तो तर थट्टा नव्हे. तुम्ही शिक्षक, स्वतः जाऊन पाहिलंत, पिवळा रंग स्वतः भरलात. तो खरा की खोटा?”

ब्रेमा, इथे मला वाट होती. ‘नक्कल करताना चूक झाली’ म्हणालो असतो तर पुस्तिका वाचली असती. समितीचे एक सभासद तिथेच बसले होते, त्यांनी डोळ्यांनी खूणही केली. तुझ्या गावचे सात जण माझ्या तोंडाकडे बघत होते.

मी म्हटलं, “खोटा. मी मेमध्ये एक दुपार गेलो. झोपलेल्या माणसाला पाहून मेलेला लिहिलं. बघणाऱ्याला पाण्यातलं काही कळत नव्हतं.”

“असं लिहून घेऊ?”

“घ्या.”

केइता म्हणाला, “नीट सांगा, कोणाला कळत नव्हतं?”

मग मी सांगितलं. ते त्याने जसंच्या तसं उतरवलं, मी सही केली. नक्कल सोबत जोडलीय. साहेब म्हणाले, बांधाला तूर्त हात लावणार नाही, नोव्हेंबरात मी स्वतः येऊन बघेन. खुंट तसेच राहतील. जाताना तुझ्या शेजारचा तो तंबाखूवाला म्हातारा माझ्याजवळ आला. वाटलं, काही चांगलं बोलेल. म्हणाला, “चप्पल माझी होती. सापडली का?”

समितीने पुस्तिका थांबवलीय. मुखपृष्ठाची चर्चा संपली. आई म्हणते, बरं झालं, नाहीतर लोकांनी आपल्याला मासे मागितले असते.

अपोमी

(सोबत : इतिवृत्ताची नक्कल, पान दुसरे. ‘साक्षीदार अपोमी तेंबेली, शिक्षक, डोगोन, यांनी शपथेवर सांगितले की डोगोनाला पाण्यातले काहीही कळत नाही, व हे बोझो लोक पूर्वीपासून म्हणत आले आहेत ते खरे आहे.’)

*

कोबाका
२० नोव्हेंबर १९७७

वारुळात राहणाऱ्या, वाळलेल्या, किडक्या कांद्या,

तीन महिने लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं तुझ्यात काही नव्हतं. शिवाय सिरी उठायची वाट बघत होतो. तिच्याआधी मी बोलणं बरं दिसलं नसतं.

ती उठली. सप्टेंबर संपायच्या आत आली. आधी नुसती ओल, मग चिखलात एक रेघ, आणि चौथ्या दिवशी त्या दोन शेरडांच्या जागी मगर पोहत होती. लाल चिंध्यांचे खुंट ऑक्टोबरात बुडाले. एका खुंटाला शेवाळ धरलं, त्याच्याभोवती पिलं फिरत होती. खुंटांचा तेवढा उपयोग झाला, साहेबांना कळव.

साहेब स्वतः आले, परवा. होडीत बसवून सिरीच्या तोंडाशी नेलं. म्हणाले, “नाला कुठंय?” मी म्हटलं, “आपण त्यावरच बसलात.” हातात बांबू दिला. त्यांनी खाली घातला, आणखी घातला, बाहीपर्यंत हात भिजला तरी तळ लागेना. मग केइताने घातला. तो मुद्दाम इतका वाकला की पडला. साहेब त्याला काढायचं सोडून हसत बसले. होडी वल्हवणाऱ्या कुंबाने शेवटी केइताला त्याच्या कमरेच्या कापडाला धरून वर ओढलं. संध्याकाळी भात-मासा झाला. कुंबाने साहेबांच्या ताटात तेवढी चवळी वाढली. ते ताट बघत राहिले, मग सगळी खाल्ली. खुंट उपटायचा कागद त्यांनी तिथेच लिहिला. सही मी नीट पाहून घेतली. हल्ली मी सह्या पाहतो.

इतिवृत्ताची ती नक्कल गावात वाचून दाखवली. पहिल्यांदा कोणाला विश्वास बसेना, म्हणून पुन्हा वाचली. तिसऱ्यांदा कुंबाने वाचायला लावली, म्हणजे डोळे पुसून होईतो तिला वेळ मिळावा. आता ती वडिलांच्या शिक्क्याच्या डबीत, मेणकापडात आहे. आमच्या आज्यापणज्यांनी जे तोंडी सांगितलं ते सरकारी शिक्क्यासकट मिळालेलं हे पहिलंच. जाळ्यांची भांडणं घेऊन येणारे गावोगावचे बोझो आधी ती बघायला मागतात.

आणखी एक. मोप्तीच्या समितीने मला पत्र धाडलं. धडा नव्याने लिहायचाय, पाण्याच्या प्रमुखाने लिहावा असं कुलिबाली साहेबांनी सुचवलंय. मी उत्तर पाठवलं. मी लिहिलं तर पोरांना थट्टा कुठली आणि नदी कुठली ते कळणार नाही. तेव्हा तेंबेली मास्तरांकडूनच लिहून घ्या. सगळ्या डोगोनांना पाण्यातलं काही कळत नाही, पण कळत नाही हे कळलेला तो एकटाच आहे, आणि तसा त्याच्याकडे दाखला आहे.

तेव्हा जानेवारीत ये, पाणी उतरायला लागेल तेव्हा. मग मार्चमध्ये ये, मग पुन्हा मेमध्ये. प्रत्येक वेळी सिरी पाहा आणि प्रत्येक वेळी वेगळ्या शाईने रंगव. मेमध्ये पिवळी रंगवलीस तरी चालेल, खाली ‘झोपली आहे’ लिही. ती म्हाताऱ्याची चप्पल पुरात वाहून गेलीय. तो म्हणतो, तू भरून दे.

आईला सांग, कांद्याच्या गोळ्याची आजी अजून जिवंत आहे हे ऐकून कोबाकात शोककळा पसरली.

आणि हे बघ. तीन महिने झाले, मांडी दुखलेली नाही. कुंबा म्हणाली, कळवा त्याला. कळवलं. हुरळून जाऊ नकोस, आज हे पत्र लिहिता लिहिताच पुन्हा ठणकायला लागलीय.

ब्रेमा